मागचे एकशे चाळीस

पहिल्यांदा त्याचं नाव मी काढलं ते बर्फ कारखान्याच्या भिंतीवर,
गेरू, चुना आणि काथ्याचा ब्रश.
लवू कोयंडे. निशाणी कपबशी.
शिडी त्यानेच धरली होती.
दिवसभर लाद्या ओढून बधिर झालेले हात,
शिडी हलली, 'व'चं पोट जरा फुगलं.
"नाव मोठा काढ रे," म्हणाला,
"होडयेतसून दिसाक व्हया."
दिसलं असावं. सतरा मतांनी आला.

तेव्हा त्याच्या उजव्या खांद्याला बर्फाचा डाग होता,
भाजल्यासारखाच, फक्त कडा निळसर.
सभेत तो कधी दाखवायचा नाही.
दाखवायला पुढे शिकला.

पर्ससीनवाल्यांविरुद्ध देवगड बंदरात
तीन दिवस होड्या आडव्या लावल्या,
त्याचं कापड माझ्याच पडवीत रंगलं:
दर्या कोणाच्या बापाचा नाय.
तालुक्याहून आलेला वार्ताहर म्हणाला, 'नाही' लिहा.
लवू म्हणाला, "असांदे. आमका असाच बोलाक येता."
लाठी उगारली तेव्हा त्याची आई,
कोळंबी सोलून बोटं चिरलेली गजराकाकी,
चौकीच्या दारात टोपली उपडी घालून वर बसली.
फौजदाराला बाहेर पडायला खिडकी लागली.
त्या रात्री बंदरावर कोणी झोपलं नाही.
मी पण नाही.

मग पंचायत समिती, मग झेडपी.
लवूचा लवूशेठ, लवूशेठचा लवेशभाई.
मी अक्षरावर पैसे घेतो,
मला नाव लांबलेलं परवडत होतं.

आमदारकीच्या वर्षी त्याने पक्ष बदलला.
जामसंड्याच्या उतारापासून बंदरापर्यंत
एका रात्रीत एकोणीस भिंती.
म्हटलं, जुना रंग खालून डोकावतो,
दोन हात द्यावे लागतील.
म्हणाला, "तीन दे."

आणि एका दुपारी मालप्याहून नवी बोट आली.
कागदावर मालक त्याचा मेव्हणा.
नाव काढायला मला बोलावलं.
पाठच्या अंगाला ताडपत्री होती,
मी वाऱ्याचं निमित्त करून टोक उचललं.
खाली पर्ससीनचं जाळं,
कोरं, अजून मिठाचा वास न लागलेलं.
टोक परत खाली सोडलं, वर दगड ठेवला.
नाव सांगितलं ते काढलं: गजराई.
पैसे रोख, त्याच दिवशी, मोजलेल्यापेक्षा जास्त.
मी कोणाला बोललो नाही.
त्या पैशांतून पडवीवर पत्रे आले.
पाऊस पडला की अजून वाजतात.

पुढे फ्लेक्स आला.
त्यात तो हात जोडून, गोरा, दात एका रांगेत,
खांदा सदऱ्यात.
मला पुन्हा होड्यांचे नंबर उरले.

यंदा पडला. अकराशेने.

परवा दिवेलागणीला आला, चालत, एकटा.
बापाची होडी दोन वर्षं उपडी होती,
गिऱ्हाईक आलंय म्हणाला, नंबर पुसलाय,
तेवढा उजळून दे.
होडीला शिडी लागत नाही.
तरी तो बाजूलाच उभा,
धरायला काही मिळतं का बघत,
शेवटी रंगाचा डबाच धरला.
हात मऊ झालेत. डबा हलला नाही.
आकडे सरळ आले.

"किती झाले?"
"आताचे सहाशे. आणि मागचे एकशे चाळीस."
"मागचे खयचे?"
"कपबशीचे."

हसेल वाटलं होतं.
त्याने उजवा खिसा चाचपला, मग डावा,
मग सवयीने मान वळवून मागे पाहिलं,
जिथे इतकी वर्षं पाकीट घेऊन कोणीतरी उभं असायचं.
मागे भरतीचं पाणी होतं
आणि खुंट्याला बांधलेलं एक कुत्रं.

"उद्या देतंय," म्हणाला.
तेव्हाही हेच म्हणाला होता,
अगदी याच आवाजात.

मी ब्रश घासलेटात बुडवला.